पोरांना घेऊन वरळीच्या सायन्स सेंटरला पहिल्यांदा जाताना

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. वरळीत नेहरूंच्या नावाच्या दोन जागा आहेत आणि दोन्ही विज्ञानाशी संबंधित आहेत, त्यामुळे टॅक्सीवाले पण गडबडतात आणि मोबाईलवर घाईघाईत पहिलं दिसेल ते नाव दाबणारे आईबाप पण. ॲनी बेझंट रोडवर आहे ते नेहरू सेंटर, तिथे तारांगण आहे, म्हणजे खुर्चीत मागे रेलून घुमटावर ग्रहतारे बघायचे. आणि ई मोझेस रोडवर, महालक्ष्मी रेसकोर्सच्या बाजूला आहे ते नेहरू सायन्स सेंटर, जिथे सगळं हात लावून, फिरवून, ओढून, ढकलून बघायचं असतं. हा लेख दुसऱ्याबद्दल आहे. टॅक्सीत बसताना "सायन्स सेंटर, ई मोझेस रोड" असं पूर्ण सांगा, नुसतं "नेहरू सेंटर" म्हणालात तर तारांगणाच्या दारात उतरवतील आणि पोरं तिथेच हट्ट धरून बसतील.

म्युझियम म्हटलं की आपल्या डोक्यात "हात लावू नये" ची पाटी असते. इथे उलटं आहे. १९७९ साली, आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, इथली बाग म्हणजे सायन्स पार्क आधी सुरू झालं आणि मोठ्या इमारतीतलं सेंटर १९८५ मधे. चालवते ती राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद, केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाखाली. म्हणजे हे मॉलमधल्या गेमझोनसारखं चकचकीत प्रकरण नाही, तशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. काही वस्तू तुमच्या शाळेच्या सहलीपासून तिथे असतील. पण तीच तर मजा आहे, झोका तेव्हाही तसाच हलायचा आणि आताही तसाच हलतो.

कधी जायचं

डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या सहलींचा सीझन. त्या दिवसात वीकडेला सकाळी गेलात तर गेटबाहेर पिवळ्या बसेसची रांग आणि आत एका बटणावर बारा हात. अशा वेळी शनिवार-रविवार उलट बरा पडतो. बाकी वर्षभर मात्र वीकडे बेस्ट, एखादी सुट्टी टाकता आली तर टाकाच. पावसाळ्यात बाग भिजलेली असते, लोखंडी पायऱ्या आणि झोके निसरडे होतात, आणि बाग गेली की अर्धी मजा गेली. मे महिन्यात जाणार असाल तर दहा वाजता गेट उघडताना हजर रहा, बाग आधी उरकून घ्या आणि ऊन चढलं की आत शिरा. दिवाळी आणि धुळवड सोडून सेंटर साधारण रोज उघडं असतं, पण निघण्याआधी वेबसाईटवर वेळ आणि तिकिटाचे दर बघून घ्या, ते बदलत असतात. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, १९२८ मधे त्या तारखेला रामन परिणामाचा शोध जाहीर झाला म्हणून. तेव्हा अशा सेंटरांमधे खास कार्यक्रम असतात, पण गर्दीही तशीच असते. पहिल्यांदा जाताना मी तरी हा दिवस टाळेन.

रविवारी जाणार असाल तर शनिवारी रात्री मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद, कुठे आहे ते बघा. हे मुंबईकरांना सांगायला नको, पण बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसतं.

पोचायचं कसं

आता भूमिगत मेट्रो झाल्यापासून फार सोपं झालंय. आरे ते कफ परेड या ॲक्वा लाईनवर सायन्स सेंटर नावाचंच स्टेशन आहे, महालक्ष्मी आणि आचार्य अत्रे चौक यांच्या मधे. घाटकोपरकडून येणाऱ्यांनी मेट्रो १ ने मरोळ नाक्याला यायचं आणि तिथे बदलायचं. पुण्याहून डेक्कन क्वीनने येत असाल तर सीएसएमटीला उतरा, तिथूनच खाली मेट्रो आहे, थेट या. परतीची डेक्कन क्वीन संध्याकाळी पाच-दहाला सुटते, त्यामुळे चार वाजायच्या आत सेंटरमधून निघायचं, लहान मुलं सोबत असताना "पंधरा मिनिटात पोचू" वगैरे हिशोब करायचे नाहीत.

लोकलने येणार असाल तर महालक्ष्मी स्टेशन. इथे फक्त स्लो गाड्या थांबतात, फास्ट पकडली तर मुंबई सेंट्रलला जाऊन उलटं यावं लागतं. कल्याण-ठाण्याकडच्यांनी दादरला बदलून पश्चिम रेल्वेची स्लो पकडायची. स्टेशनपासून ई मोझेस रोडने चालत जाता येतं, पण मुलं पाच वर्षांखालची असतील तर टॅक्सी करा, पायातला दम तिथे पोचेपर्यंत संपवून काय उपयोग, खरा लागणार आहे तो आत. आणि बाहेरगावच्यांसाठी: या भागात रिक्षा चालत नाहीत. रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला सायनपर्यंत, त्याच्या पुढे काळी-पिवळी नाहीतर ॲपवाली गाडी.

बॅगेत काय, अंगावर काय

पाण्याच्या बाटल्या माणशी एक. दशम्या, धपाटे, पोळीचा रोल असं काहीतरी हातात धरून खाता येईल असं, कारण भूक ही कॅन्टीनची रांग बघून लागत नाही, ती बरोबर झोक्यावर नंबर आल्यावर लागते. गॅलरीत मात्र डबा उघडू नका. टोपी, छोटा टॉवेल, हात पुसायला ओले टिश्यू. एवढ्या हातांनी धरलेली हँडलं असतात सगळी, खायच्या आधी साबणाने हात धुवायला लावा.

कपड्यांचं महत्त्वाचं आहे. मुलींना घेरदार फ्रॉक नको, खाली लेगिंग्ज हव्यातच, कारण चढायचं, लोंबकळायचं, घसरायचं आहे. ओढणी, स्कार्फ, लोंबत्या दोऱ्यांचं जॅकेट असलं काही फिरत्या चाकांजवळ आणि दोरखंडांजवळ चालत नाही, आयांनी पण ओढणी कमरेला गाठ मारून टाकावी. पायात बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल, फ्लोटर्स. चप्पल हमखास सुटते.

एक छोटी वही आणि पेन्सिल. मोबाईलवर फोटो काढायचे ते काढा, पण वही कशाला ते पुढे सांगते.

हरवण्याचा बंदोबस्त: मुलाच्या मनगटावर पेनने आपला नंबर लिहा, आणि आत गेल्या गेल्या बागेतल्या वाफेच्या इंजिनापाशी नेऊन दाखवा की "आपण दिसलो नाही तर इथे येऊन थांबायचं." इंजिन ही चांगली खूण आहे, तीन वर्षांच्या पोरालाही लक्षात रहाते आणि वॉचमनला विचारता येते.

आत शिरल्यावर पहिलं काम: सगळं बघायचा नाद सोडणं

सेंटरमधे पाचशेच्या वर एक्झिबिट आहेत. आता हिशोब करा. प्रत्येकाला एक मिनिट धरलं तरी आठ तासाच्या वर जातात, म्हणजे सेंटर बंद होईपर्यंत न जेवता न मुतता फिरत रहायचं. तरी लोक हेच करतात. तिकिटाचे पैसे वसूल म्हणून पोराच्या दंडाला धरून "चल चल अजून वरचा मजला राहिलाय" करत पळवतात, पोरगं बटण दाबतं, लाईट लागते, पुढे पळतं, परत बटण दाबतं. संध्याकाळी विचारलं काय बघितलं तर सांगतं "समोसा खाल्ला."

माझं म्हणणं सरळ आहे. दिवसात पाच-सहा गोष्टी नीट बघून झाल्या तर ट्रिप वसूल. मूल एखाद्या ठिकाणी वीस मिनिटं रमलं तर हलवू नका, मागे रांग असेल तर चार जणांना नंबर देऊन परत त्याच रांगेत उभं रहा. बाकीचं पुढच्या वेळी, सेंटर कुठे पळून जात नाहीये.

आणि दुसरं म्हणजे क्रम. बहुतेक घरात असं चालतं की बाबा आधी बोर्ड वाचतात, मग "हे बघ बेटा, इथे काय होतं ना" करून पूर्ण लेक्चर देतात आणि शेवटी मुलाला हात लावायला मिळतो, तोवर त्याला उत्तर कळलेलं असतं आणि कंटाळाही आलेला असतो. उलटं करा. मुलाला विचारा, "तुला काय वाटतं, काय होईल?" त्याने काहीही सांगू दे, चूक बरोबर करू नका. वहीत तो अंदाज एका ओळीत लिहा किंवा चित्र काढू द्या. मग बटण दाबायचं, चाक फिरवायचं. अंदाज चुकला की पोरगं स्वतःच "असं कसं?" म्हणतं, आणि मगच बोर्ड वाचायचा. बोर्ड मराठीतही असतात, त्यामुळे तिसरी-चौथीतलं मूल स्वतः मोठ्याने वाचू शकतं. भाषा जड वाटली तर तुम्ही सोपी करून सांगा, आणि तुम्हालाही कळलं नाही तर "मला पण माहीत नाही, चल परत करून बघू" म्हणायला लाजू नका. पोरांना हे ऐकायला फार आवडतं.

बाग

इथे मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन. लहानांना तर बागच पुरते. अशा सायन्स पार्कांमधे काही गोष्टी हमखास असतात, त्यातल्या चार-पाच कशा बघायच्या ते नीट सांगते.

पहिली, समोरासमोर लांबवर उभ्या केलेल्या दोन मोठ्या तबकड्या. लोक काय करतात, दोन्हीकडे पोरं उभी करतात आणि पोरं जिवाच्या आकांताने ओरडतात, मग अर्थात ऐकू येणारच, तबकडी नसती तरी आलं असतं. खरी गंमत कुजबुजण्यात आहे. तबकडीकडे तोंड करून, जिथे कडी किंवा खूण केलेली असते तिथे तोंड नेऊन हळू बोलायचं. तबकडीचा आकार असा असतो की त्या ठराविक बिंदूपासून निघालेला आवाज आपटून सरळ समांतर जातो, पसरत नाही, आणि पलीकडची तबकडी तो पुन्हा तिच्या बिंदूवर गोळा करते. पलीकडच्याचा कान त्या बिंदूवर पाहिजे. म्हणून दोन्ही टोकांना एकेक मोठं माणूस हवं, एकजण मुलाला उचलून कान जागेवर धरायला. मग मुलाला सांगा डोकं हळूच बाजूला कर. आवाज गायब. परत आण. आला. हे दोनदा केलं की टीव्हीच्या डिशला ती वाटी कशाला असते ते वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी, जोडीचे झोके. दोन झोके एकाच आडव्या दांडीला किंवा दोरीला टांगलेले. एकावर बसून झोका घ्यायचा, दुसऱ्यावर नुसतं बसायचं, पाय उचलून, काही न करता. थोड्या वेळात पहिला झोका मंदावतो आणि दुसरा आपोआप हलायला लागतो, मग परत उलटं. बहीणभावंडांसाठी ही सगळ्यात भारी वस्तू, कारण दोघांनाही वाटतं दुसराच चीटिंग करतोय. दांडी किंचित हलते आणि तिच्यातून एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते, आणि हे छान जमतं ते दोन्हीची लांबी सारखी असते म्हणून. पाचवीच्या पुढच्या मुलाला विचारा, एका झोक्याची साखळी आखूड केली तर काय होईल? तिथे करता येणार नाही, पण घरी दोरीला दोन कुलुपं टांगून करता येतं.

तिसरी, कप्प्यांच्या खुर्च्या. आपणच खुर्चीत बसायचं आणि दोरी ओढून स्वतःला वर उचलायचं. शेजारी-शेजारी वेगवेगळ्या संख्येच्या कप्प्या असतील तर एकाच मुलाला सगळ्यांवर बसवा. जिथे कप्प्या जास्त तिथे सोपं जातं, पण दोरी किती ओढावी लागते तेही बघायला सांगा, इथे सगळे फसतात. जोर निम्मा लागला तर दोरी दुप्पट ओढावी लागते, फुकट काही मिळत नाही. ही जागा आजी-आजोबांची आहे. आमच्या सासऱ्यांनी इथे गावच्या विहिरीचा रहाट काढला आणि मग सुरूच झालं, की रहाटाने जोर कमी लागत नाही, फक्त वर ओढायच्या ऐवजी खाली ओढता येतं म्हणून अंगाचं वजन कामाला येतं, जोर कमी करायचा तर कप्पी ओझ्यासोबत वर सरकायला हवी. नातवंडं तोंड उघडून ऐकत होती. बोर्डवर तेच लिहिलं होतं, पण बोर्ड कोण ऐकतंय.

तरफांचंही तसंच. टेकू, भार, बल हे शब्द मुलांनी पुस्तकात पाठ केलेले असतात. मोठ्ठ्या दांड्याने जड वजन उचलून झालं की आजीला विचारा अडकित्त्यात सुपारी कुठे धरतेस. एकदम आत, टेकूजवळ. टोकाला धरली तर फुटतच नाही. झालं, दुसऱ्या प्रकारची तरफ, म्हणजे टेकू टोकाला आणि भार मधे, कायमची डोक्यात बसली.

चौथी, दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे जाडा असा भोवरा, जो तिरक्या रुळांवरून चक्क वर चढताना दिसतो. इथे डोळे आपल्याला फसवतात. रूळ जसे वर जातात तसे एकमेकांपासून लांब होतात, त्यामुळे भोवऱ्याचा जाड भाग रुळांच्या मधे खाली खाली बसत जातो. मुलाला भोवऱ्याकडे समोरून न बघता बाजूने, रुळाच्या उंचीला डोळे नेऊन, भोवऱ्याच्या मधल्या भागावर बोट रोखून बघायला सांगा. मधला भाग खालीच जातोय हे दिसलं की त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

मग इंजिन, जुनी ट्राम आणि विमान. ट्रामपाशी थोडं थांबा, कारण मुंबईत ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली, म्हणजे तुमच्याबरोबर सत्तरीतले आजोबा असतील आणि त्यांचं लहानपण मुंबईत गेलं असेल तर त्यांनी ती चालताना बघितलेली असू शकते. विमान आहे एचएफ-२४ मरुत, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेलं लढाऊ जेट, कुर्ट टँक या जर्मन इंजिनिअरच्या हाताखाली डिझाईन झालेलं, पहिलं उड्डाण १७ जून १९६१. बहुतेक लोक इथे सेल्फी काढून पुढे जातात. भारतात जेट बनलं होतं हे मुलांना सांगा, ते "तेव्हा?" असं विचारतातच.

आतल्या गॅलऱ्या

बागेत दमल्यावर आत. इथे वयाप्रमाणे वाटून घ्या, सगळ्यांनी झुंडीने फिरायची गरज नाही. चार मोठी माणसं असाल तर दोन टीम करा.

लहानांना आवाज आणि आरसे. आवाजाच्या गॅलरीत हाताने वाजवायच्या, पायाने वाजवायच्या गोष्टी असतात. ज्या मुलांना मोठा आवाज, अंधार, लुकलुकणारे दिवे याचा त्रास होतो त्यांना आधी दारातून डोकावू द्या, जबरदस्ती नको. आरशांपाशी मोजायचा खेळ खेळा. दोन आरसे काटकोनात असतील तर एका वस्तूच्या तीन प्रतिमा दिसतात, साठ अंशाला आणले की पाच. मुलाला कोन बदलत मोजू द्या, सूत्र सांगू नका, सातवी-आठवीतलं पोरगं दहा मिनिटात स्वतः काढतं.

पेडल मारून दिवा लावायची सायकल दिसली तर बाबांना बसवा, ही त्यांची जागा. जिममधे जाणाऱ्या काकांचा सगळा तोरा इथे उतरतो. साधा धडधाकट माणूस सलग पेडल मारत राहिला तर शंभरेक वॉटच्या आतबाहेर, म्हणजे जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब लावायला घाम निघतो आणि नऊ वॉटचा एलईडी गप्पा मारत लागतो. गीझर दोन हजार वॉटचा असतो, एवढंच सांगायचं आणि मुलांना भागाकार करू द्यायचा, अख्ख्या सोसायटीतले काका लागतील असं उत्तर येतं.

मोठ्या मुलांसाठी अणुऊर्जेची गॅलरी आहे. वरवर बघितलं तर मॉडेलं आणि बोर्ड, त्यामुळे दहा वर्षाखालची पोरं इथे दोन मिनिटात "चला ना" करतात. पण आठवी ते दहावीतला मुलगा किंवा मुलगी असेल तर शांतपणे वाचू द्या आणि तुम्ही बाहेर बसा. या वयाच्या मुलांना आईबाप मागे उभे असले की कशातच इंटरेस्ट नसतो, एकटं सोडलं की असतो. त्यांना धाकट्या भावंडाची जबाबदारी देऊन "तू याला समजावून सांग" ही आयडिया पण चालते, अर्धा तास तरी.

एखादी गोष्ट बंद असेल तर हिरमुसू नका. ज्या म्युझियममधे रोज हजारो हात लागतात तिथे काहीतरी कायम दुरुस्तीला असणार, जगभर तसंच असतं. मुलाला विचारा, "काय तुटलं असेल?" हे पण एक एक्झिबिटच.

ज्यांना पेसमेकर आहे अशा आजी-आजोबांनी मोठ्या चुंबकांच्या आणि उच्च दाबाच्या विजेच्या प्रयोगांपासून लांब बसावं, तिथल्या स्टाफला तसं सांगून ठेवलं तर अजून चांगलं. बाकी आजी-आजोबांना दर अर्ध्या तासाने बसायला जागा हवी हे प्लॅनमधेच धरा.

शोचं तिकीट

गेटवरच्या तिकिटात गॅलऱ्या आणि बाग येते. थ्रीडी शो, सायन्स ऑडिसी म्हणजे मोठ्या घुमटाच्या पडद्यावरचा शो, आणि सायन्स ऑन अ स्फिअर म्हणजे अंधारात टांगलेल्या मोठ्या गोलावर पृथ्वी, वादळं, ग्रह दाखवतात तो, यांची तिकिटं वेगळी असतात आणि वेळा ठरलेल्या. आत शिरतानाच वेळांचा बोर्ड बघा आणि एकच शो निवडा, जेवणानंतरचा. दुपारी दीड-दोनला सगळ्यांचे पाय बोलायला लागलेले असतात, धाकट्याची झोपेची वेळ असते, तेव्हा एसीत अंधारात बसायला मिळणं म्हणजे स्वर्ग. आजोबा घोरले तरी कुणाला कळत नाही. एकच निवडायचा तर गोलाचा निवडा, समुद्राचे प्रवाह आणि ढग अख्ख्या पृथ्वीवर फिरताना बघणं सपाट पडद्यावर जमत नाही. अगदी लहान मूल असेल तर दाराजवळची सीट घ्या.

तारांगण पण त्याच दिवशी करावं का, हे सगळे विचारतात. मुलं दहाच्या पुढची असतील आणि बागेवर पाणी सोडायची तयारी असेल तर करा, नाहीतर नको. सोमवारी ते बंद असतं, शो वेगवेगळ्या भाषांत असतात, मराठी शोची वेळ वेगळी काढून एखाद्या रविवारी त्याच्यासाठीच या. त्यापेक्षा सेंटरमधून निघाल्यावर हाजी अलीला जाऊन ज्यूस प्या, वरळी सी फेसवर थोडं बसा आणि घरी.

घरी आल्यावर

त्याच रात्री "काय शिकलास सांग" असं विचारू नका, आणि निबंध तर मुळीच लिहायला लावू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सामान समोर ठेवा आणि गप्प रहा. दोन छोटे आरसे चिकटपट्टीने एका बाजूने जोडले की पुस्तकासारखे उघडमिट करता येतात, मधे एक बटण किंवा खडू ठेवायचा. दोन कुलुपं आणि दोरी, ते वर सांगितलंच. अंगभर आरशाला कागद चिकटवून शोधायचं की आपलं अख्खं शरीर दिसायला किती उंचीचा आरसा लागतो, उत्तर येतं आपल्या उंचीच्या निम्मा, आणि मागे सरकलं तरी निम्माच. यावर आमच्याकडे मोठी माणसं भांडली होती.

वहीतले अंदाज जपून ठेवा, दोन वर्षांनी परत गेलात की तीच वही न्या.

मुंबईबाहेर असाल तर

फक्त यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. पुणेकरांना चिंचवडचा सायन्स पार्क आहे, ऑटो क्लस्टरच्या शेजारी, तिथेही आत गॅलऱ्या आणि बाहेर बाग असाच प्रकार, आणि सहा वर्षांखालच्यांना मुंबईपेक्षा तो जास्त सोयीचा, कमी पसारा असल्यामुळे. नागपूरला गांधीसागर तलावाजवळ रामन सायन्स सेंटर आहे, १९९२ पासूनचं, वरळीच्या सेंटरचंच उपकेंद्र. तारांगण त्याच आवारात असल्यामुळे दोन ठिकाणी धावपळ नाही, फक्त नागपूरचा मे महिना लक्षात घेऊन बाग सकाळीच. आणि गोव्याला चाललाच असाल तर पणजीत मिरामारला गोवा सायन्स सेंटर आहे, बीचच्या अगदी जवळ. तिथे क्रम चुकवू नका, आधी सेंटर, मग समुद्र. एकदा पोरं पाण्यात शिरली की ओल्या चड्डीने आणि वाळूच्या पायांनी कुठल्या गॅलरीत नेणार?